आमची 'इस्टेट' आणि आताची लहान गाडी



सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि तेव्हापासून आमच्या मुरुडात एकच चौकशी ऐकू येते. कुठली गाडी घ्यावी? नळावर, देवळात, दापोलीच्या बाजारात तोच विषय. मुरुड म्हटलं की पुष्कळांना जंजिऱ्याचं मुरुड आठवतं. ते रायगड जिल्ह्यात. आमचं मुरुड रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. माड-पोफळीच्या वाड्या, जांभ्याचे गडगे, मधून अरुंद पाखाड्या आणि पुढे समुद्र.

मी काही मोटारीतली तज्ज्ञ नव्हे. पण या घरात मी एका लांबलचक जुन्या गाडीबरोबर ३६ वर्षं संसार केला आणि २०२१ पासून एका आखूड नव्या गाडीबरोबर करते आहे. घरातली हिशेबाची वही पहिल्यापासून माझ्याकडे. पेट्रोल किती लागलं, आंबा किती गेला, दवाखान्याच्या खेपा किती झाल्या, हे त्या वहीत आहे. तेवढ्या अधिकारावर दोन शब्द लिहिते.

आमची जुनी गाडी म्हणजे अ‍ॅम्बॅसडर. पण नेहमीची नव्हे. मागची डिकी काढून तिथपर्यंत छप्पर ओढलेली, पाठीमागे दार असलेली. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात १९५७-५८ पासून अ‍ॅम्बॅसडर होऊ लागली. मूळ घडण इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची. २०१४ मध्ये तो कारखाना थांबला. त्याच गाडीची ही लांब पाठीची जात. अशा गाडीला अमेरिकेत 'स्टेशन वॅगन' म्हणतात, कारण रेल्वे स्टेशनावरून माणसं आणि त्यांच्या ट्रंका घरी आणायला ती निघाली. इंग्रज लोक तिला 'इस्टेट' म्हणतात. आपल्याकडे तिचं नावही तेच पडलं, अ‍ॅम्बॅसडर इस्टेट.

आता कोकणात 'इस्टेट' हा शब्द काय साधा आहे? घरोघरी इस्टेटीवरून भाऊ भावाशी बोलेनासे झालेले. थोरल्या भावजींनी १९८१ मध्ये मुंबईहून ही गाडी एका कंपनीची वापरलेली म्हणून विकत आणली आणि ओटीवरून मामंजींना सांगितलं, "बाबा, इस्टेट घेतली." मामंजी म्हणाले, "कुणाची?" हा किस्सा मी लग्न होऊन आले तेव्हा, म्हणजे १९८४ मध्ये, पहिल्याच आठवड्यात तीन जणांच्या तोंडून ऐकला. पुढे गॅरेजात गाडी उघडून ठेवली असेल तर गावात बातमी जायची, "त्यांची इस्टेट खोलली." असो.

त्या गाडीनं काय वाहिलं नाही ते विचारा. मागची बैठक पाडली की अठरा-वीस आंब्याच्या पेट्या सहज बसत. वैशाखात पहाटे कलमांवरून आंबा उतरायचा, दुपारी पेंढ्यात भरायचा, संध्याकाळी पेट्या ठोकायच्या आणि रात्री गाडीनं दापोलीला ट्रकवर नेऊन द्यायच्या. पावसाच्या तोंडावर खताची पोती. गणपतीत खुद्द गणपती, पुढच्या बाकावर भावजींच्या शेजारी, मांडीवर घेऊन बसलेले आमचे हे. शिमग्याला ढोल. एकदा व्यालेली म्हैस न्यायची होती तेवढी राहिली. तिचं रेडकू मात्र आलं.

माणसांचं तर सांगूच नका. पुढच्या बाकावर तीन, मागे चार, आणि त्यामागे उकिडवी बसलेली पोरंटोरं. वाटेत कर्द्याचं, आसूदचं कुणी हात दाखवलं की भावजी थांबायचे. "चढा." एवढाच शब्द. त्या गाडीत जागा नाही असं म्हणण्याची पद्धतच नव्हती.

१९८६ च्या श्रावणात माझे दिवस भरले ते रात्री दोन वाजता. वीज गेलेली, पाऊस धारेला लागलेला. सासूबाईंनी मागच्या भागात गादी घातली, मला आडवी निजवली, स्वतः पायाशी बसल्या आणि जाऊबाई कंदील धरून उशाशी. दापोली आमच्यापासून बारा-तेरा किलोमीटर, पण मध्ये आसूदची चढण आहे, वळणावळणाची. भावजींनी गाडी अशी नेली की पोटातलं पाणी हललं नाही. त्या पहाटे माझा मुलगा जन्मला. आता तो पुण्यात नोकरीला आहे आणि शनिवार-रविवार येतो. अशी रात्र आमच्या वाडीतल्या सात-आठ घरांनी तरी त्या गाडीत काढली आहे. कुणाला साप चावला म्हणून, कुणी माडावरून पडला म्हणून. आडवं माणूस आडवंच नेता येणं ही खेडेगावात केवढी गोष्ट आहे, हे ज्यानं नेलं त्यालाच कळतं.

हे सगळं सांगितलं म्हणजे तुम्हाला वाटेल, बाई जुन्या गाडीचे पोवाडे गाणार. थांबा.

ती गाडी चालवणारी माणसं घरात दोन. थोरले भावजी आणि आमचे हे. स्टिअरिंग असं जड की उभ्या गाडीत फिरवायला खांद्यापासून जोर लावावा लागे. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्याच्या खुब्या वेगळ्या. थंडीत चोक ओढा, पाच मिनिटं गुरगुरू द्या, मग निघा. त्यामुळे घरातल्या आम्ही चार बायका, नंतर दोन लेकी, सगळ्यांचं येणं-जाणं त्या दोन पुरुषांच्या सवडीवर. माहेरी सावंतवाडीला आई आजारी आहे असं पत्र आलं की आधी प्रश्न, "गाडी कोण नेणार?" भावजी कलमांच्या फवारणीत, हे भाताच्या लावणीत. मग एस.टी. आणि तीन ठिकाणी बदली. गाडी दारात उभी आणि आम्ही फाट्यावर उभ्या, असं किती वेळा झालं याची नोंद वहीत नाही, पण माझ्यापाशी आहे. गाडी घरची होती. आम्हा बायकांची ती कधीच नव्हती.

शिवाय समुद्राची हवा. खारं वारं लोखंडाला कसं खातं हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. दर दोन वर्षांनी तळाला पत्र्याचं ठिगळ, दर पावसाळ्यापूर्वी डांबराचा हात. आणि पेट्रोल! लिटरला नऊ किलोमीटर, घाटात आठ.

१९९६ मध्ये मामंजी गेले आणि दोन वर्षांत भावाभावांत वाटण्या झाल्या. भांडण नाही झालं, चारचौघांना बसवून झाल्या. वाडी दोन, चुली दोन, विहीर एक आणि रहाटाचे दिवस ठरलेले. गाडीचं काय करायचं? मध्यस्थ म्हणाले, कुणीतरी एकानं घ्यावी आणि दुसऱ्याला पैसे द्यावेत. भावजी म्हणाले, "ती राहू दे तशीच." म्हणून जमिनीची इस्टेट वाटली गेली आणि लोखंडाची तेवढी सामाईक राहिली. पेट्रोल ज्याचं काम त्याचं, दुरुस्ती अर्धी-अर्धी. दर महिन्याच्या शेवटी जाऊबाई त्यांची वही घेऊन गडग्यापलीकडून यायच्या, आम्ही दोघी हिशेब जुळवायचो, चहा व्हायचा. वाटण्या झालेल्या जावांना दर महिन्याला एकत्र बसायला दुसरं काय निमित्त असतं?

मग ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आलं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना वर्णन नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते सांगून कळणार नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा काही तास वाडीतून फिरत होता. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. पोफळ नवी लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. माडालाही तेवढीच, कधी जास्त. गाडी मांगरात होती. मांगरावर माड पडला, छप्पर गेलं आणि गाडीची पाठ अर्धी खाली बसली. इंजिन चालू होत होतं. मिस्त्री म्हणाला, होईल दुरुस्त. पण घराची कौलं उडालेली, वाडी आडवी झालेली. त्या वर्षी चाळीस वर्षांच्या पत्र्यावर पैसा घालणं शहाणपणाचं नव्हतं. दोन्ही घरांनी मिळून ती भंगारात दिली. वजनावर गेली. थोरले भावजी त्या दिवशी सकाळीच हर्णैला मासे आणायला म्हणून निघून गेले आणि दुपारी रिकामी पिशवी घेऊन परत आले.

इथं एक कामाची गोष्ट सांगते. जुनी गाडी नुसती भंगारवाल्याच्या हवाली करू नका. आर.टी.ओ.मध्ये तिची नोंदणी रद्द करून घ्या आणि कागद जपून ठेवा. नाहीतर गाडी गेली तरी नाव तुमचंच राहतं. आता नोंदणीकृत भंगार केंद्रंही झाली आहेत, तिथं दाखला मिळतो. आणि हौसेनं जुनी ठेवायची असेल तर खर्च लक्षात घ्या. पंधरा वर्षांनंतर मोटारीची नोंदणी पुन्हा करण्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांची ५,००० झाली आणि वीस वर्षांच्या पुढच्या गाड्यांना २०२५ मध्ये ती आणखी वाढली.

आता लहान गाडीकडे येऊ. २०२१ मध्ये आम्ही घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मला जाहिरातही करायची नाही आणि गाऱ्हाणंही. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गाडीचे आकडे घेऊन बोलते. वॅगन आर ही गाडी तुम्ही रस्त्यावर रोज पाहता. गंमत अशी की तिच्या नावातही 'वॅगन' आहे आणि वॅगनीचं काम मात्र तिच्याकडून होत नाही. तिची लांबी ३६५५ मिलीमीटर. साध्या अ‍ॅम्बॅसडरची ४३२५. म्हणजे दोन फुटांहून जास्त फरक. पण रुंदी? वॅगन आर १६२०, अ‍ॅम्बॅसडर १६६२. फरक जेमतेम दीड इंच. आणि उंचीला तर आजची लहान गाडीच तीन इंच चढ आहे. म्हणजे आपण जिला लहान म्हणतो ती फक्त पाठीमागून कापलेली आहे. बसणाऱ्या माणसाचं काही कापलेलं नाही. कापलं आहे ते ओझं.

हे असं का, तर सरकारनं २००६ च्या अंदाजपत्रकात लहान गाडीची व्याख्या केली. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सी.सी.पर्यंत, आणि तसं असेल तर अबकारी कर कमी. नंतर जीएसटी आला तरी ती चार मीटरची रेघ राहिली, आणि २०२५ मध्ये जो १८ टक्के कर झाला तोही तिच्या अलीकडच्याच गाड्यांना. पलीकडच्या गाडीला ४० टक्के. मग कारखानदार काय करणार? ज्याला त्याला शेपूट तोडून गाडी चार मीटरांत बसवायची. आपल्या दारातल्या गाडीचा आकार रस्त्यानं किंवा शेतकऱ्याच्या गरजेनं ठरलेला नाही, तो करानं ठरला आहे. दुकानदार हे सांगत नाही.

इंजिनाच्या बाबतीत मात्र नव्याला हात जोडावे लागतात. अ‍ॅम्बॅसडरचं इंजिन १४८९ सी.सी., ताकद सुमारे पन्नास अश्वशक्ती, आणि ओढायचं वजन अकराशे किलोच्या वर. वॅगन आरचं लहान इंजिन ९९८ सी.सी., ताकद सदुसष्टच्या आसपास, वजन आठशे-साडेआठशे किलो. तीन सिलिंडरचं ते एवढंसं यंत्र, पण पेट्रोल किती आणि केव्हा सोडायचं हे आत संगणक ठरवतो; पूर्वी कार्ब्युरेटर अंदाजपंचे सोडायचा. आमची गाडी आसूदची चढण तिसऱ्या गिअरमध्ये चढते आणि आमच्या रस्त्यांवर लिटरला अठरा किलोमीटर देते. जुन्याच्या बरोबर दुप्पट.

आणि स्टिअरिंग! एका बोटानं फिरतं. आमच्या सुनेनं लग्नाआधीच लायसन काढलेलं होतं. शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "सून गाडी नेते, तुम्हाला चालतं?" मी म्हटलं, "चालतं काय, मी तिच्याकडूनच शिकते आहे." साठाव्या वर्षी मी लायसन काढलं. आमच्या गावचे धोंडो केशव कर्वे १८७५ मध्ये परीक्षेसाठी मुरुडाहून साताऱ्याला शंभरावर मैल डोंगर-घाटांतून चालत गेले आणि वय लहान दिसतं म्हणून परीक्षकांनी त्यांना बसू दिलं नाही. मला आर.टी.ओ.त साहेबांनी दोनदा वय विचारलं, पण बसू दिलं. ज्या माणसानं बायकांसाठी विद्यापीठ काढलं त्याच्या गावात बायकांच्या हाती चाक यायला इतकी वर्षं लागली, त्यात जड स्टिअरिंगचा दोष किती आणि आमच्या घराच्या रीतीचा किती, ते तुम्हीच ठरवा. पण गेल्या पावसाळ्यात सावंतवाडीला भाऊ आजारी पडला, तेव्हा मी कुणाला विचारलं नाही. किल्ली घेतली, सुनेला शेजारी बसवलं आणि निघाले.

सुरक्षिततेबद्दल आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून ती भक्कम. नवी गाडी म्हणजे डबा. थोरले भावजी अजूनही नव्या गाडीच्या बॉनेटवर टिचकी मारून मान हलवतात. पण २००९ मध्ये अमेरिकेतल्या मोटार-विमा कंपन्यांच्या संस्थेनं एक प्रयोग केला. १९५९ ची भलीमोठी शेव्हरोलेट आणि २००९ ची त्याच कंपनीची मध्यम गाडी समोरासमोर आपटवली. जुनीची बैठकीची जागाच चेपली. आत खरा चालक असता तर वाचला नसता. नवीतल्या चालकाचं फार तर पायावर निभावलं असतं. कारण नव्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळेल असं केलेलं असतं, म्हणजे धक्का नाकानं खावा, माणसानं नव्हे. जाड पत्रा धक्का खात नाही, तो आतल्या माणसापर्यंत पोचवतो.

पण सगळ्याच नव्या लहान गाड्या भरवशाच्या असंही समजू नका. २०१४ च्या जानेवारीत भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ग्लोबल एनसीएपी या संस्थेनं आपटून पाहिल्या आणि पाचही शून्य ताऱ्यांवर आल्या. त्यानंतर कायदे बदलले. पुढच्या दोन एअरबॅगा सक्तीच्या झाल्या, ब्रेक लावताना चाक अडकून घसरू नये म्हणून एबीएस आलं आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडची भारत एनसीएपी तपासणी सुरू झाली. दुकानात रंग कोणकोणते आहेत ते नंतर विचारा, आधी तारे किती ते विचारा.

आणि पट्टा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागडी, एअरबॅगा असलेली; ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. हे वाचलं तेव्हा मला आमच्या इस्टेटीच्या मागे उकिडवी बसलेली नऊ-नऊ पोरं आठवली. कुणालाही काही झालं नाही ही देवाची कृपा आणि भावजींचा हात. त्या कृपेच्या भरवशावर मी आता नातवाला नेणार नाही.

दुरुस्तीचं पारडं मात्र दुसरीकडे झुकतं. इस्टेट बंद पडली तर पान्हा, तार आणि सायकलची ट्यूब यांवर ती घरापर्यंत यायची. दापोलीतला कुठलाही मिस्त्री तिच्या पोटात हात घालायचा. नवी गाडी बंद पडली की समोर एक पिवळा दिवा लागतो आणि तो दिवा काय म्हणतो हे कळायला यंत्र जोडावं लागतं. एकदा उंदरानं वायर कुरतडली. वायर वीतभर, पण गाडी तीन दिवस उभी. शेताजवळ गाडी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. भाताचं, पेंढ्याचं काही गाडीजवळ ठेवू नये आणि दोन-चार दिवसांनी बॉनेट उघडून पाहावं. आमच्याकडे तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधून ठेवतात. उंदीर त्यानं जातात की माझ्या समाधानासाठी ती आहे, देव जाणे.

आता खरी अडचण सांगते, जिच्यासाठी मी लिहायला बसले.

२०२३ मध्ये जाऊबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड. त्यांच्याकडेही तोवर लहान गाडी आलेली होती, आमच्यासारखीच. दोन घरं, दोन गाड्या, गडग्याच्या दोन बाजूंना. आणि त्या बाईला दोन्हीपैकी एकाही गाडीत आडवं ठेवता येईना. बसवलं तर किंकाळी. शेवटी १०८ ला फोन केला. ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही. गाडी आली, माणसं कसबी होती, त्यांनी पाट घालून अलगद उचललं. पण ती येईपर्यंतचा वेळ आम्ही न्हाणीघराच्या दारात बसून काढला आणि दोन गाड्या अंगणात चकचकीत उभ्या होत्या.

वहीतला एक हिशेब तुमच्यापुढे ठेवते. इस्टेट लिटरला नऊ किलोमीटर जायची, आणि आठ माणसं घेऊन जायची. म्हणजे एका लिटरमागे एक माणूस बहात्तर किलोमीटर गेल्यासारखं. लहान गाडी अठरा किलोमीटर जाते, पण माझ्या वहीप्रमाणे बहुतेक खेपांना तिच्यात दोनच माणसं असतात. अठरा दुणे छत्तीस. तिच्यात चौघं बसली तर ती जुनीची बरोबरी करते, आणि तेही बरोबरीच. काटकसरीची गाडी म्हणून आपण जी आणतो ती काटकसर करते तेव्हाच, जेव्हा भरलेली असते.

ती भरलेली का नसते? जागा नाही म्हणून नव्हे. मागे तीन माणसांची जागा रिकामी असते. पण इस्टेट सामाईक होती म्हणून निघण्याआधी गडग्यावरून हाक जायची, "दापोलीला चाललोय गं, काही आणायचंय का?" आता दोघींकडे आपापली किल्ली. बाजाराच्या दिवशी त्यांची गाडी दहाला जाते, आमची साडेदहाला, आणि दोघी एकाच भाजीवालीपाशी भेटतो. वाटेत हात दाखवणाऱ्याला मात्र आता "जागा नाही" म्हणता येतं, काचा वर असतात. महिन्याचा हिशेब नाही, म्हणून महिन्याचा चहाही नाही.

तेव्हा गाडी घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. घेण्यापूर्वी एक संध्याकाळ वही घेऊन बसा आणि वर्षभराची ओझी लिहा. पेट्या किती, पोती किती, शाळेच्या खेपा किती, दवाखान्याच्या किती. माझ्या अनुभवात डिकीत आंब्याच्या चार पेट्या बसतात, मागची बैठक पाडली तर नऊ. बागाईत मोठी असेल तर लहान गाडी मालासाठी नाहीच, ती माणसांसाठी घ्या आणि माल भाड्याच्या टेम्पोनं पाठवा. वर्षातल्या वीस दिवसांसाठी तीनशे पंचेचाळीस दिवस मोठं धूड पोसणं आताच्या पेट्रोलला परवडत नाही. दुकानात जाताना घरातली सगळ्यात म्हातारी व्यक्ती बरोबर न्या आणि तिला मागे बसवून, उतरवून पाहा. गुडघे काय म्हणतात ते तिथंच कळेल. घरात जी बाई गाडी चालवणार असेल, तिलाच चालवून पाहू द्या. आणि चार जवळच्या घरांत मिळून एक तरी गाडी अशी असू द्या, जिच्यात माणूस आडवं नेता येईल. प्रत्येकानं तीच लहान गाडी घेतली तर वाडीत गाड्या चार होतात आणि सोय एकाचीच.

आमच्या वाडीत यंदाच्या आंब्याला तीन घरांनी मिळून एक टेम्पो ठरवला आहे. भाडं पेटीमागे वाटून घ्यायचं ठरलं. जाऊबाई आता काठी घेऊन चालतात. हिशेब कुणाकडे ठेवायचा असा प्रश्न निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, त्यांची वही अजून आहे, फक्त मागची काही पानं कोरी राहिली आहेत.